विसरणारा ब्राउझर मिळणेबाबत

प्रति,
मा. कार्यालय अधीक्षक,
पंचगंगा विवाह साहाय्य मंडळ,
विभागीय कार्यालय, कोल्हापूर.

अर्जदार : क्रांती आकाराम पोवार, संकेतस्थळ तपासनीस (कंत्राटी), रा. कळंबा, ता. करवीर.

विषय : संकेतस्थळाच्या चाचणीसाठी, वापरणाऱ्याची माहिती साठवून न ठेवणारा दुसरा ब्राउझर बसविण्यास परवानगी मिळणेबाबत, तसेच माझे झालेले लग्न रद्द होणेबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे सहा अर्ज. २) आपला कार्यालयीन आदेश ‘ज्याची सही, त्याचे खाते’.

महोदय,

वरील विषयी सातव्यांदा लिहीत आहे. सहापैकी एकाच अर्जाला उत्तर आले. ‘अर्ज विहित नमुन्यात नाही’ एवढेच त्यात होते. विहित नमुना मागायला गेले तेव्हा तो अजून तयार व्हायचा आहे असे समजले. सबब हा अर्ज मी माझ्याच नमुन्यात करीत आहे. तो लांबला आहे, परंतु त्याला माझा इलाज नाही.

१. आपले मंडळ सामुदायिक विवाह लावते आणि जोडप्यांची नोंदणी मंडळाच्या संकेतस्थळावर होते. ते संकेतस्थळ नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी मला दोन वर्षांपूर्वी नेमण्यात आले. रोज सकाळी साडेदहाला मी एक काल्पनिक जोडपे घेऊन अर्ज भरते, सादर करते, पावती पाहते आणि नोंद रद्द करते. म्हणजे रोज परके होऊन मंडळाच्या दारात उभे राहायचे आणि दार उघडते का ते बघायचे, हे माझे काम. अडचण अशी की या कार्यालयात मला परके होऊच दिले जात नाही.

२. गेल्या वर्षी कार्यालयातील एक माऊस हरवला. तो कोणी नेला हे ठरेना, म्हणून संदर्भ क्र. २ चा आदेश निघाला. कार्यालयीन सामानाच्या जड वस्तू नोंदवहीत ज्या संगणकापुढे ज्याची सही, त्याच्याच वैयक्तिक खात्याने त्यावरचा ब्राउझर कायम उघडा राहील, म्हणजे जबाबदारी निश्चित होईल, असा तो आदेश. ब्राउझरमुळे माऊस सापडत नाही हे मी तेव्हाच तोंडी निदर्शनास आणले होते. चाचणी कक्षातील संगणकापुढे माझी सही आहे, कारण तो ज्या वेळी आला त्या वेळी बाकी सगळे जेवायला गेले होते.

पुढे असे झाले की कक्षातले इंटरनेट सर्वांत वेगवान असल्याने दुपारच्या सुट्टीत सगळे कार्यालय माझ्या खुर्चीवर येऊन बसू लागले. मी दौऱ्यावर असले की कक्षाला कुलूप लागते आणि किल्ली आपल्या दालनात जमा होते, तेवढाच काय तो त्या खुर्चीला विसावा. ज्याला जे शोधायचे ते तो शोधतो, आणि शोध माझ्या नावावर जमा होतो. माझे वय सव्वीस आहे. माझे गुडघे ठणठणीत आहेत, डोक्यावर केस आहेत आणि दारात एकही शेळी नाही. तरीही माझ्या मोबाइलवर रात्रंदिवस गुडघ्याचे पट्टे, टकलावरचे तेल आणि शेळ्यांचे खाद्य यांच्या जाहिराती येत असतात. खासगी खिडकी उघडावी तर ती आदेशाने बंद आहे. नाव-पत्ता आपोआप भरण्याची सोय बंद करावी तर सेटिंगला हात लावायचा नाही, असा कागद पडद्याखाली चिकटवलेला आहे.

३. हे मी सोसलेही असते. परंतु यामुळे चाचणीच खोटी ठरते. ब्राउझर मला ओळखतो, म्हणून संकेतस्थळ मला ना पासवर्ड विचारते ना मोबाइलवर येणारा आकडा. आत्या माहेरी आल्यासारखी मी थेट माजघरात जाते. बाहेरच्या माणसाचे मात्र उंबऱ्यावरच अडते. मलकापूरची स्वप्नाली नावाची मुलगी दोनदा एस.टी.ने येथवर आली, कारण तिच्या नव्या मोबाइलवर गावांची यादीच उघडत नव्हती आणि गाव निवडल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. तिला खिडकीवर सांगण्यात आले, “आमच्यात तर चालतंय की.” आपल्यात चालते हे खरेच आहे. आपण आधीच आत बसलो आहोत.

४. म्हणून दुसरा ब्राउझर. तो निवडताना मी मनाला येईल ते उचललेले नाही. घरच्या लॅपटॉपवर तीन आठवडे तीन ब्राउझर वापरून पाहिले. पहिला इतका सोवळा निघाला की पाळत ठेवणाऱ्यांबरोबर त्याने आपल्या संकेतस्थळाचा आकडा टाकायचा चौकोनही अडवला. स्वतःच्या कामाला तो उत्तम, पण आपले अर्जदार तसला वापरत नाहीत, तेव्हा चाचणीला निरुपयोगी. दुसरा ‘आम्ही तुमची माहिती घेत नाही’ असे सांगतो आणि ते सांगण्याआधी ई-मेल मागतो. तिसरा मला पसंत पडला. तो खाते मागत नाही, मागे लागणाऱ्या जाहिरातदारांना दारातच थोपवतो, साधी संकेतस्थळे न मोडता दाखवतो, आणि बंद केला की सगळे विसरतो. त्यात आपले संकेतस्थळ उघडल्यावर तिसऱ्या मिनिटाला गावांची यादी कोरी दिसली. स्वप्नालीचे म्हणणे खरे होते. जुना ब्राउझर काढा असे मी म्हणत नाही. तो मुख्य म्हणून राहू द्या, हा फक्त चाचणीला हवा.

यावर निवड समिती बसली. लपवण्यासारखे काही नसेल तर ब्राउझरला विसरायची गरज काय, असा प्रश्न समितीने विचारला. भांडारपाल श्री. अमरसिंह म्हणाले, “आपल्यात काय लपवायचं असतंय? सगळी घरचीच माणसं न्हवं?” शेवटी ब्राउझरच्या चारित्र्य पडताळणीचा दाखला जोडावा, असा शेरा मारून प्रस्ताव परत आला. तो दाखला कोणत्या पोलीस ठाण्यातून काढायचा, हे मी आपणास तिसऱ्या आणि पाचव्या अर्जात विचारले आहे.

५. आता लग्नाविषयी. दि. ११ नोव्हेंबर रोजी मी नेहमीप्रमाणे साडेदहाला चाचणी घेतली. त्याच्या आदल्या दिवशी संकेतस्थळ सांभाळणाऱ्या ठेकेदाराने चाचणीची सोय बंद केली होती आणि ते कोणालाही कळवले नव्हते. वधूच्या रकान्यात ब्राउझरने सवयीप्रमाणे माझे नाव, माझा पत्ता आणि पालकांचा मोबाइल म्हणून माझ्या वडिलांचा क्रमांक आपोआप भरला. वराचे नाव मी टाकले : सयाजी, रा. गडमुडशिंगी, व्यवसाय दूध संकलन. हा सयाजी दोन वर्षांपासून आपला नमुन्याचा नवरा आहे. त्याच्याशी माझे चारशेहून अधिक वेळा लग्न लागून मोडले आहे आणि त्याने कधी तक्रार केली नाही. या वेळी ते मोडले नाही. सकाळी दहा वाजून एकेचाळीस मिनिटांनी माझ्या वडिलांना संदेश गेला, ‘अभिनंदन. आपली कन्या क्रांती हिच्या विवाहाची नोंद झाली आहे. पंचवीस वऱ्हाडींसह वेळेवर उपस्थित राहावे.’

माझे वडील श्री. आकाराम पोवार तुरुंग शिपाई म्हणून निवृत्त झाले आहेत. समोरचा खोटे बोलतो की खरे, हे पाहण्यात त्यांची पस्तीस वर्षे गेली. आई नाही, घरात आम्ही दोघेच. ते ओरडले असते तर बरे झाले असते. त्यांनी जेवणाचे ताट बाजूला सारले आणि एवढेच म्हणाले, “पोरगा कोण हाय तेवढं सांग. बाकीचं मी बघतो.” तो कोणीच नाही, नमुन्याचा आहे, असे मी सांगितले. यावर ते म्हणाले, “आन् बाप? त्योबी नमुन्याचाच का?”

दुसऱ्या दिवशी ते गडमुडशिंगीला गेले आणि प्रत्येक दूध संकलन केंद्रावर सयाजीची चौकशी केली. त्यांना दोन सयाजी सापडले. एक बासष्ट वर्षांचे होते. दुसऱ्याला बायको आणि दोन मुले आहेत. त्या माउलीचा मला अजूनही दिवसाआड फोन येतो. मी तिला दर वेळी ब्राउझर समजावून सांगते आणि ती दर वेळी रडते.

६. तरीही हे निभावले असते. मी वडिलांना म्हटले, चला, कार्यालयात येऊन स्वतः बघा. दि. १७ नोव्हेंबर रोजी ते आले. त्यांना मदत करावी या चांगल्या हेतूने श्री. अमरसिंह यांनी माझ्या नावावरची हिस्टरी उघडून पडदा त्यांच्याकडे फिरवला. गुडघे, तेल, शेळ्या यांवरून वडिलांची नजर सरसर खाली गेली आणि दि. २९ ऑक्टोबरच्या तीन ओळींवर थांबली. ‘घरी न सांगता केलेले लग्न कायदेशीर असते का.’ ‘मुलीने पसंतीने लग्न केल्यास वडील काय करू शकतात.’ तिसरी ओळ मी येथे लिहीत नाही.

त्या ओळी माझ्या नाहीत. कोणाच्या आहेत ते मला ठाऊक आहे. हा अर्ज आवक खिडकीपासून आपल्या टेबलापर्यंत पाच जण वाचतील, म्हणून ते नाव यात नाही. वडिलांनाही मी सांगितलेले नाही, कारण दुसऱ्याची गोष्ट सांगून स्वतःची सुटका करून घ्यायची नाही, हे त्यांनीच मला शिकवले. ते तेथूनच माझ्या आत्याकडे, श्रीमती तानाबाई यांच्याकडे, मलकापूरला निघून गेले. आज बावीस दिवस झाले. मी केलेला फोन ते उचलत नाहीत. आत्या सांगते की ते जेवतात आणि ओसरीवर बसून राहतात. साहेब, मला या सगळ्याचा फार संताप आला आहे, आणि त्याहून जास्त मला माझे वडील घरी हवे आहेत.

७. तरी विनंती की :
अ) वरील तिसरा ब्राउझर चाचणीसाठी बसविण्यास परवानगी द्यावी आणि माझे वैयक्तिक खाते त्या संगणकावरून काढावे. हरवलेल्या माऊसची जबाबदारी लेखी घ्यायला मी तयार आहे.
आ) माझा आणि सयाजीचा विवाह रद्द करावा. रद्द करण्यासाठी वर-वधू दोघांनी समक्ष यावे, असे खिडकीवर सांगण्यात आले. वधू रोज येथेच असते. वर मिळत नाही.
इ) गावांची यादी दुरुस्त करून मलकापूरच्या स्वप्नालीस कळवावे. तिला तिसरी खेप पडू नये.
ई) माझ्या वडिलांच्या नावे, मंडळाच्या शिक्क्यानिशी, चार ओळींचे पत्र द्यावे : सयाजी अस्तित्वात नाही आणि दि. २९ ऑक्टोबरचे शोध आपल्या मुलीचे नाहीत. ते कोणाचे आहेत हे लिहिण्याची गरज नाही. वडिलांचा माझ्या शब्दावरचा विश्वास गेला आहे, पण सरकारी शिक्क्यावरचा अजून आहे.

बाकीचे नाही झाले तरी चालेल. ‘ई’ तेवढे व्हावे.

आपल्या कार्यालयात सर्वांच्या परिचयाची,

(सही)
क्रांती आकाराम पोवार
कोल्हापूर, दि. ९ डिसेंबर २०२५

सोबत :
१) तीन ब्राउझरांचा तुलनात्मक तक्ता.
२) गावांच्या कोऱ्या यादीचे छायाचित्र.
३) माझ्या नावावरील हिस्टरी, चौदा पाने. पान नववे : तीन ओळींपैकी तिसरी मी शाईने काळी केली आहे.
४) बंद पाकीट. फक्त अधीक्षकांनी उघडावे.

(पाकिटातील चिठ्ठी)

साहेब,

२९ ऑक्टोबरला मी मलकापूरला होते. दौऱ्याच्या आदेशावर तुमची सही आहे, आणि कक्षाची किल्ली तुमच्या दालनात होती. हे मी कुठे बोलले नाही आणि बोलणार नाही. तुमच्या मुलीनं तिच्या मनानं लग्न केलं, हे कार्यालयात कुणालाच माहीत नाही. घरच्या फोनवर असलं काही शोधता येत नाही, घरची माणसं बघतात, हे मला कळतं. म्हणून सांगते, विसरणारा ब्राउझर माझ्याइतकाच तुम्हालाही लागतोय.

तिसऱ्या ओळीत तुम्ही विचारलं होतं, ‘मुलगी आणि वडील बोलत नसतील तर पहिला फोन कोणी करावा.’ त्या शोधाखाली एकही उत्तर तुम्ही उघडलेलं दिसत नाही. उत्तर मी सांगते, कारण बावीस दिवस झाले, मी रोज संध्याकाळी फोन मांडीवर घेऊन बसते. बापानं करावा, साहेब. पोरगी उचलते.

क्रांती