बाबांच्या ट्रकवरचं स्टिकर

एवारिस्तो मामा,

फ्रेस्नोत तुझ्या सल्ल्यातून कुणी सुटलंय का रे? दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात कॅल्क्युलस आणि फिजिक्सशी झटून मी युनिव्हर्सिटीत सिव्हिल इंजिनिअरिंगसाठी अर्ज भरत होते, तर तू तोंडात मक्याच्या तमालेचा घास ठेवून म्हणालास, "दुसरी पसंती इतिहास टाक गं. एकदा आत शिर, मग बदल हवा तो विषय. मी बेकरीत झाडू मारायला शिरलो, आज केक करतो की नाही?"

आणि मी मूर्खासारखं ऐकलं!

इंजिनिअरिंगला नकार आला, इतिहासाला प्रवेश मिळालाय. तिथून इंजिनिअरिंगला जाता येत नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलंय. म्हणून मी नकार देणार, आणखी एक वर्ष इथंच थांबून पुन्हा अर्ज करणार.

बाबांनी मात्र "मिळाला" एवढंच ऐकलं आणि ट्रकच्या मागच्या काचेवर युनिव्हर्सिटीचं स्टिकर लावलं. काल ट्रक धुताना पाइप बाजूला ठेवून तेवढी जागा त्यांनी रुमालानं हलकेच टिपली.

हे पत्र मी पाठवणार नाही, तू फोनवर नुसते हसरे चेहरे धाडशील. रविवारी जेवायला आलास की तोंडावरच विचारीन, तेव्हा एवढा एकच सल्ला दे: ते स्टिकर बाबांच्या देखत कसं काढायचं?

तुझ्यावर भयंकर चिडलेली भाची,
नोएमी