ताटलीतला दात

३ तारीख, सोमवार
आले एकदाची. पेटी एक, दुखणी चार. ही रोजनिशी मी बोलते, नात लिहिते. अक्षर तिचं, अक्कल माझी. नऊ वर्षांची आहे, पण चुका काढायला नव्वदीची. सूनबाईनं मला लेकाच्या कामाच्या खोलीत खाट टाकून दिली आणि चालेल ना, असं चारदा विचारलं. खोलीत कानशी, चिमटे, पितळेचा भुगा, आणि भिंतीला माझ्याएवढं घड्याळ. सात वर्षं खपून लेकानं स्वतः केलं. जेवायला तासभर उशीर करणारा हा माणूस एका सेकंदासाठी दिवसभर तोंड पाडून बसायचा. चार महिन्यांपूर्वी इथेच गेला. सापडला तेव्हा हात लंबकावर तसाच होता. घड्याळ तेव्हापासून बंद.

६ तारीख, गुरुवार
आज चालू केलं! नातीनं चावी दिली, वजन वर चढलं की आठ दिवसांची निश्चिंती, ते उतरून जमिनीला टेकलं की बंद. लंबकाच्या दांडीला इवलीशी ताटली आहे. घड्याळ मागे पडलं की बाबा तिच्यात गुंजभर वजन ठेवायचे, मग ते पळतं, असं नातीनं मला शिकवलं. ताटलीत काय निघावं? लेकाची दाढ, गेल्या वर्षी उपटलेली. मेल्यानं कधी धड घासली नाही, शेवटी लावली घड्याळाच्या कामाला. ती मी पदरात बांधली. वजनांच्या डबीत नातीचा पहिला दुधाचा दात होता, बापानं जपलेला. दाढेच्या जागी तो ठेवला. आम्ही दोघी खूप हसलो.

१० तारीख, सोमवार
रेडिओच्या ठोक्याशी रोज ताडून बघतो. एका सेकंदाचाही फरक नाही. पण आवाज बदललाय. दोन टिक, एक रिकामी. दोन टिक, एक रिकामी. काटा मात्र अचूक. हे मी ओळखते. गेल्या उन्हाळ्यात लेक माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता, त्याचं मनगट माझ्या हातात होतं. नाडी अशीच चालत होती. डॉक्टरकडे जा म्हटलं, तर आई, तुझी मोजणी चुकली, म्हणून मलाच हसला. आज दुपारभर घड्याळाला कान लावून बसले. सून म्हणाली, आई, नका असं करू. दोघी रडलो. पण खोटं कशाला बोलू, मला माझं पोर परत मिळालं होतं.

१४ तारीख, शुक्रवार
नातीनं चावी दिली आणि तेवढ्यानं धापा टाकत खाली बसली. जवळ घेतलं, छातीला कान लावला.
दोन ठोके, एक रिकामा. घड्याळाच्या बरोबरीनं.

१५ तारीख
डॉक्टर म्हणाला, दोन महिन्यांपूर्वी तपासलं तेव्हा छाती ठणठणीत होती, आता तपासण्या करू. त्याच्या खोलीत घड्याळ नव्हतं. तरी तेच. दोन, आणि एक —

१६ तारीख
लेकाची वही माझ्या उशाशीच पडून होती. मला ती काळी रेघोटी. आज नातीला वाचायला लावलं. त्यानं लिहिलंय, दाढ ठेवल्यापासून घड्याळ चुकत नाही. जेवढं मागे पडतं, तेवढे ठोके माझ्या छातीतून घेतं. दाढ उचलली की लंबक अडखळतो आणि माझा श्वासही. पितळ ठेवून पाहिलं. चालत नाही, त्याला आता जिवाचंच लागतं. शेवटची ओळ, आज थांबवतो.
दुसऱ्या कुणाचं काही ठेवायचं त्याला सुचलं असेलच. त्यानं नाही ठेवलं.
मी ठेवलं. हसत हसत.

१७ तारीख
माझ्या तोंडात एकच दात उरला होता, तोही हलता. दोऱ्यानं ओढला. लंबक चालता ठेवून आधी माझा ताटलीत सोडला, मग चिमट्यानं तिचा उचलला. नातीला म्हटलं, लिहीत राहा, पेनाची खरखर ऐकू दे मला.
थांबली नाही खरखर.

२० तारीख
पोरगी जिना पळत चढते. धाप नाही. सून हसली, किती दिवसांनी.
मी खाटेवरच. दोन, आणि एक रिकामा —

२१ तारीख
नात दुसरा दात हलवत बसली होती. आजी, तुझ्या जागी माझा ठेवू, म्हणाली. बापावर गेलीय. घड्याळ चालू राहिलं तर ही ठेवणारच. ठरलं. चावी आता द्यायची नाही, ती माझ्या कमरेला. सुनेला सांगितलं, बंद पडलं की तोडून टाक. आधी नको —

२२ तारीख
वजन जमिनीला बोटभर —
चावी मागू नकोस, बाई. नाही म्हटलं ना.
सून दारात आहे, तिचा हात धर. एका हातानं लिही.
ऐकू येतोय मला तो, तुझा बाबा. असंच होत होतं त्याला, आणि मी नुसतं डॉक्टरकडे जा म्हटलं —
रडू नकोस, अक्षर बिघडतं. लिही, आजीनं सांगितलं की आजीला मुळीच —