खांद्यावरचं औषध

प्रिय सरकार,

फोनवर मी ‘जेवलो, बरा आहे’ एवढंच बोलतो. खोलीत आम्ही चौघं, तिघांचे कान माझ्याच फोनला. म्हणून लिहायला बसलोय. बसलोय म्हणजे, मधे दोनदा उठून फेरी मारून आलो. चुका सांभाळून घे.

आम्ही फरशी बसवतोय ती इमारत औषध संशोधनाची. तिथल्या एक बाई पुरुषांसाठी पाळणा लांबवायचं औषध तयार करतायत. रोज खांद्यावर चोळायचं जेल. तपासायला माणसं हवी होती. मुकादम म्हणाला, गड्यानं असली थेरं करायची होय. मी गेलो.

मला तुझा पाय आठवला. पाळणा लांबवायच्या गोळ्यांनी रक्ताची गाठ झालेली आणि आपण मुरगळला समजून शेकत बसलो. गाठ फुप्फुसात गेली तेव्हा कळलं. बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, पुष्कळजणींना गोळी सोसते, एखादीला नाही, त्या एखादीसाठीच आम्ही डोकं फोडतोय.

आधी माझं रक्त, काळीज, सगळं तपासलं. पण पहिल्या तपासणीत औषधाचा काही गुणच दिसेना. बाई चक्रावल्या. रोज लावतोस ना? मी म्हटलं, देवाशपथ, सकाळी कामावर निघता निघता. मग त्यांनी विचारलं, काम काय करतोस? मी सांगितलं, सिमेंटची पोती वाहतो. कशावर? खांद्यावर. बाईंनी चष्मा काढला, हसू आवरेना त्यांना. म्हणाल्या, अरे बाबा, जेल सुकायच्या आत सगळं पोत्याला पुसलं, आता सिमेंटला पोरं व्हायची नाहीत. तेव्हापासून संध्याकाळी अंघोळ करून लावतो आणि सुकेपर्यंत उघडा बसतो. मी, एका जागी. तुला खरं वाटणार नाही.

काल बाईंनी बोलावलं. औषध लागू पडलंय. डोकं, झोप, काळीज, सगळं ठीक. आणि ज्यांनी आधी लावून सोडलं, त्यांचं पुन्हा पहिल्यासारखं झालंय, म्हणजे आपलं पुढचं पोर कुठं गेलं नाही. ऐकून मी बाहेर जिन्यावर टेकलो.

तुला ठाऊक आहे मी एवढ्या लांब का आलो. सगळ्यांना सांगितलं, कामासाठी. निरोधचा फुगा फाटला त्या महिन्यात तू नीट जेवली नाहीस, पाळी येईपर्यंत. नंतर मी हात धरला तरी तू दचकायचीस, आणि मला माझ्याच हाताची भीती वाटायला लागली. आता पुढच्या टप्प्यात नवरा-बायको दोघं लागतात. बाई तुझ्या डॉक्टरांशी बोलतील, तुझी सही घेतील. मी म्हटलं, सही नंतर, आधी मी विचारतो. गोळ्या हातात दिल्या तेव्हा तुला कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. म्हणून हे पत्र. हो म्हण, नाही म्हण, मी पुढच्या आठवड्यात घरी येतोच.

तुझाच,
भिंगरी