आईच्या पुढ्यातलं ताट

प्रिय ताई,

मी इथे बरा आहे. खोली उबदार आहे, स्वयंपाकही जमू लागलाय, तेव्हा काळजी करू नकोस. बाबांचा गुडघा कसा आहे?

प्रयोगशाळेत माझं काम गाठींचं. मूत्रपिंडावर एक छोटी ग्रंथी असते. तिच्यात अशी गाठ झाली, की तिथली एन्झाइम्स थांबायचं नाव घेत नाहीत आणि रक्तात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतच जातं. मग माणूस कमी खाऊनही चेहऱ्यावर, पोटावर सुटत जातो. काढलेल्या गाठीत ती एन्झाइम्स किती जोरात काम करतात, ते मी मोजतो.

परवा डॉक्टरांनी एका पेशंटबाईंची भेट घालून दिली. ऑपरेशन होऊन चारच दिवस झालेले. चेहरा गोल गरगरीत, हातपाय मात्र काडीसारखे, दंडावर काळेनिळे डाग.

"घरचे म्हणायचे, चोरून खाते," त्या म्हणाल्या. "आता सगळे गप्प झालेत."

ताई, आपणही आईला हेच म्हणायचो. मी तर एकदा तिच्या पुढ्यातलं ताट ओढून घेतलं होतं. ती उठून हात धुवायला गेली.

शेवटी शेवटी तू तिला अंघोळ घालायचीस. पोटावर जांभळे पट्टे होते का गं? या आजारात तसे उमटतात. आई गेली, आता तपासायला काही उरलं नाही. तरी खरं सांग.

पट्टे असतील, तर बाबांना जवळ बसवून एवढंच सांग, की ती आजारी होती. मला ते फोनवर जमणार नाही.

तुझा,
धाकटा