पाचांचं भगुणं

सिंदफणाकाठची टाकळी, तालुका माजलगाव
चैत्र वद्य पंचमी, सन १३३४ फसली

तीर्थस्वरूप आप्पाराव मामांच्या पायांवर भाचा गहिनीनाथ याचे डोके. इकडे आम्ही तिघेही जिवंत आहोत. (दर पत्रात ‘खुशाल आहोत’ असे लिहितो, पण या खेपेला तेवढी हमी देता येत नाही.) आपला गुडघा आणि ढवळ्या बैलाचा खांदा, दोन्हींची सूज उतरली असेल अशी आशा करतो. मामी जाऊन तीन वर्षे झाली, तरी आपण अजून आपल्याच हाताने भाकरी थापता आणि त्या कुत्र्याच्या उपयोगी पडतात, असे आपण गेल्या पत्री लिहिले होते. ते मी वाचून दाखवले तेव्हा मायने डोळ्याला पदर लावला आणि मग पदराआड बराच वेळ हसली.

पत्रास कारण एक भांडे. आपल्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे माझ्या मायचा, मातीच्या मडक्यावर किती जीव आहे हे मी आपणास काय सांगावे! मडक्यात आमटी शिजायला दुपार कलते, पण माय म्हणते घाई असेल त्याने कच्चे खावे. सून अंजना हिने मात्र एकट्या फाल्गुनात तीन मडकी फोडली. एक हातातून निसटले, एक चुलीवर तडकले, आणि तिसरे मांजराने पाडले असे ती म्हणते. (मांजर यावर काही बोलत नाही.) तिच्या माहेरी हल्ली जर्मनचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे, भगुणे आले आहे. पांढरे, हलके, कल्हई नको, पडले तर फुटत नाही. तसलेच आपल्याकडे आणावे असा तिचा धोसरा. मायचे म्हणणे असे, की जर्मन नुकताच लढाईत हरलेला माणूस, तो आपल्या चुलीपर्यंत भांडी कावून धाडील? त्याच्या मनात काहीतरी हाय. मी मध्यम मार्ग म्हणून कल्हई केलेल्या पितळेचे नाव काढले, तर दोघी एक झाल्या आणि कल्हई उडाली की आमटी कशी कळकते, खाणारा कसा आडवा होतो, हे मला एका सुरात ऐकवले. या घरात दोन वर्षांत त्यांचे एकमत झाले ते तेवढेच. दुसऱ्या दिवशी अंजनाने लुगड्यांचे गाठोडे बांधून दाराशी ठेवले आणि सांगितले, की बाजारातून मडके आले तर त्याच गाडीने मी माहेरी जाईन. माय म्हणाली, जर्मन आला तर मी काशीला जाईन.

असा मी माजलगावच्या बाजारात गेलो. भांडे निवडायला गेलेला माणूस बायको निवडायला गेल्यासारखा लाजतो, हे मला तिथे कळले. कुंभारणीने मडके वाजवून दाखवले, मी मान डोलावली. जर्मनवाल्याने भगुणे दगडावर आपटून दाखवले, मी तिथेही मान डोलावली. शेवटी भांडण नको म्हणून दोन्ही घेतली आणि निघालो, तोच तांबटाच्या पालाशी मोडीचा ढीग दिसला. फुटक्या घागरी, पिचलेले तांबे, आणि मधोमध एक पितळी भगुणे, बुडाला जाड, आतून कल्हई चांदीसारखी. अंगाला टिंबाटिंबांनी नाव घातलेले: ‘सौ. भिवराबाई’. पुढची अक्षरे पोचा पडून पुसली गेली होती. मी हात लावला तर म्हातारा तांबट वर न बघता म्हणाला, “ते मोडीचं हाय. ऱ्हाऊ द्या.”

“मग मोडलं कावून न्हाई?”

“तीन डाव भट्टी पेटवली. पयल्या डावाला भाता फाटला. दुसऱ्या डावाला सांडशी तुटली. तिसऱ्या डावाला…” तो थांबला. “तिसऱ्या डावाला मला भूक लागली.”

“म्हंजी?”

“आमटीचा वास आला, पाव्हणं. रिकामं हुतं ते.”

शहाणा माणूस इथून परत फिरला असता. पण मला वाटले, ही भांडे खपवायची नवी तऱ्हा दिसते. आमची फुटकी तांब्याची घागर मी मोडीसाठी बरोबर नेलीच होती, ती त्याच्या ढिगावर टाकली आणि भगुणे उचलले. त्याने नाही म्हटले नाही. उलट मी दूर गेल्यावर त्याने पालाच्या दारात पाणी शिंपडले. तर मामा, एक भांडे निवडायला गेलेला आपला भाचा तीन भांडी घेऊन घरी आला, आणि दोघींनी दोन बाजूंनी जे काय म्हणायचे ते म्हटले.

तिसरे कुणाच्याच बाजूचे नाही म्हणून आधी तेच चुलीवर चढले. तुरीची डाळ, मीठ, हळद, तिखट, एवढेच अंजनाने घातले होते. ताटात आली ती चुक्याची आमटी. आंबट चुका, ठेचलेला लसूण, वरून काराळाचा कूट. मामा, चैत्रात इकडे चुक्याचे पान औषधाला मिळत नाही. माय मला म्हणाली, तुझी बायको चोरून भाजी आणते. अंजना मला म्हणाली, तुमच्या माय माझ्या माघारी आमटीत हात घालतात. तिसऱ्या दिवशी दोघी चुलीच्या दोन अंगांना बसल्या आणि मी मधे अदालतीसारखा. दिवसाढवळ्या, दार सताड उघडे, उन्हाचा पट्टा थेट चुलीपर्यंत आलेला. झाकण काढले. तिघांनीही पाहिली ती साधी पिवळी डाळ. मायने पळीभर घेऊन जिभेला लावली, आणि पळी हळूच खाली ठेवली.

“चुका,” ती म्हणाली. इतक्या हळू आवाजात माय बोलू शकते हे मला प्रथमच कळले.

बरे, चवीचे एक वेळ सोडा. आम्ही खाणारी तीन माणसे. अंजना तिघांपुरती डाळ टाकते, तिघे पोटभर जेवतो, आणि खाली आणखी दोघांपुरती उरते. मूठ कमी केली तरी उरते. एकदा मी आणि माय रानात असताना तिने एकटीपुरती चिमूटभर टाकली, तर पाच जणांची झाली. आणखी एक गोष्ट लिहावी की न लिहावी असे होते. पळी फिरवली की त्या भगुण्यात बांगड्या वाजल्यासारख्या वाजतात. अंजनाने खात्री करायला आपल्या बांगड्या उतरवून पाहिल्या. (त्या पाहून मायने आधी धावत बाहेर येऊन मी जिवंत आहे ना याची चौकशी केली.) मोकळ्या हाताने पळी फिरवली, तरी बांगड्या वाजल्या. काचेच्या नव्हेत, पितळी पाटल्यांसारख्या, जड.

दुसऱ्या दिवसापासून मायने पाच ताटे मांडायला सुरुवात केली. तीन आमची, दोन दाराजवळ. कुणासाठी म्हणून विचारले तर म्हणाली, ज्याचं त्याला ठावं. ती ताटे कुत्र्याला घातली तर कुत्रा त्यांच्याकडे पाठ करून बसला. अंजना आता मडक्याचे आणि जर्मनचे नावही घेत नव्हती. गाठोडे दाराशी होतेच, त्यावर तिने वहाणाही काढून ठेवल्या आणि म्हणाली, “ही तिसरी बाई घरात ऱ्हानार असंल तर मी जाते.” मी म्हणालो, घरात तिसरी बाई नाही. ती म्हणाली, “मग शिजवतंय कोन?” खरे सांगतो मामा, ती गेली असती तर मी त्या भगुण्याच्या डोक्यावर धोंडा घातला असता, आणि तो धोंडाच फुटला असता.

शेवटी मी युक्ती काढली. अंगणात तीन चुली मांडल्या. एकीवर मडके, एकीवर जर्मन, एकीवर ते. डाळ एकच, मूठ एकच, पाणी एकाच घागरीचे. निवाडा करायला हरिबा धनगराला बोलावले. त्याची मेंढरं सध्या आमच्या रानात खतासाठी बसली आहेत. साठीचा माणूस, अक्षरओळख नाही, आणि खोटे बोलायला लागणारी घाई त्याच्या अंगात नाही. कोणती आमटी कशातली हे त्याला सांगितले नव्हते. मडक्यातली खाऊन म्हणाला, “गोड हाय. जराशी करपली.” (करपली होतीच, कारण मडके त्याच वेळी बुडातून तडकले आणि आमटी निखाऱ्यांवर गेली.) जर्मनमधली खाऊन म्हणाला, “भिजली हाय, शिजली न्हाई.” मग तिसऱ्या ताटात भाकरी मोडली, घास तोंडात घातला, आणि चावता चावता थांबला. सगळ्या घराकडे एकदा नजर फिरवली.

“भिवराबाई हितं कवा आली?” त्याने विचारले.

आम्ही ते नाव त्याच्यापुढे काढले नव्हते.

मग त्याने सांगितले ते असे. सिरसाळ्यात ज्या घराच्या रानात तो वर्षानुवर्षे मेंढरं बसवत आला, त्या घरची ही बाई. नवरा, सासरा, दोन मुलगे आणि ती, पाच माणसांचे घर. विहिरीवर वाफा होता, बारा महिने चुका असायचा. मेंढरं बसली की हरिबाला भाकरी आणि हीच आमटी. मानमोडीच्या साथीत आठ दिवसांत चारही पुरुष गेले. हरिबा पुढच्या साली गेला तेव्हा बाई एकटीच चुलीपुढे बसलेली, आणि पुढे पाच ताटे वाढलेली. त्याला म्हणाली होती, “मी एकटीपुरतंच टाकते रे हरिबा, पर भगुणं ऐकत न्हाई.” पाच-सहा वर्षे तिने रोज ते अन्न उरवले आणि टाकले, आणि यंदा संक्रांतीनंतर स्वतःच्या हाताने भगुणे मोडीत घातले.

माय पदर सावरून म्हणाली, “मग कवा वारली बिचारी?”

हरिबाने तिच्याकडे पाहिले. “वारली? बाई जित्ती हाय की. गेल्या म्हैन्यात तिच्या हातची भाकर खाल्ली म्या.”

मामा, तोपर्यंत मी भ्यालो नव्हतो, म्हणजे नेहमीइतकाच भ्यालो होतो. मेलेल्या बाईला लिंबू आहे, मिरची आहे, भगत आहे. पण सिरसाळ्यात जिवंत बसलेल्या बाईचा हात टाकळीच्या चुलीवर पळी फिरवतो, याला काय उतारा करावा? मग माय उठली, ते गरम भगुणे पदराने धरून उतरवले आणि त्याच्या शेजारी बसून, एखाद्या दमलेल्या पाहुणीशी बोलावे तसे म्हणाली, “लई दिस एकटीनंच केलंस गं बाई.” आणि अंजना आत गेली. मला वाटले गाठोडे उचलायला गेली. ती गाठोडे घेऊन बाहेर आली, माझ्यापुढे सोडले, आणि एकेक लुगडे परत वलणीवर टाकू लागली. म्हणाली, “मी न्हाई जात. त्या माउलीसंगं चुलीपाशी कुनीतरी बसाया पायजे.”

तरी मामा, आपली एवढीच मेहरबानी व्हावी, की सिरसाळा आपल्या गावाहून जवळ, तेव्हा तिथे भिवराबाईचे घर शोधून, हे भगुणे तिला परत पाहिजे आहे का, एवढे गोडीने विचारावे. हवे असल्यास मी स्वतः आणून देईन आणि तांबटाच्या घागरीविषयी एक अक्षर काढणार नाही. थोरांस दंडवत, लहानांस आशीर्वाद, आणि ढवळ्याच्या पाठीवर माझ्या नावाने एक थाप.

आपला,
गहिनीनाथ

ता. क. पत्र वाचून दाखवले तेव्हा माय रागावली. भगुणे परत जाणार नाही, बाईच इकडे येईल, असा तिचा हुकूम आहे. घरची पाहुणी म्हणून साडीचोळी करणार आहे. तरी तिला आपल्याच गाडीतून घेऊन यावे. निघताना धोतर धुतलेले नेसावे, मिशी विंचरावी, आणि वाटेत गुडघ्याचे रडगाणे गाऊ नये, हे सर्व माय सांगते आहे, मी नुसता लिहितो आहे. आपल्या भाकऱ्यांचा आणि त्या बाईच्या एकटेपणाचा तिने एकत्र काहीतरी विचार केला आहे. आपल्यात विधवेचा पाट लागतोच, असे ती दोनदा म्हणाली. माझे पत्र मुळात याचसाठी होते असे आता घरात ठरले आहे.

ता. क. दुसरा. टपालवाला आठवडाभर आला नाही म्हणून पत्र इथेच पडून होते, तेवढ्यात हरिबा सिरसाळ्याला जाऊन आला. भिवराबाई हल्ली नव्या भांड्यात एकटीपुरतेच शिजवते, आणि ते बरोबर एकटीपुरतेच होते. पण वाफ्यातला ताजा चुका घातला, लसूण घातला, मूठभर मीठ घातले, तरी तिला कशाचीच चव लागत नाही. त्याला विचारत होती, “हरिबा, माझ्या हाताची चव कुनीकडं गेली रे?” हरिबाला ठाऊक होते, पण त्याच्याने सांगवले नाही. हे ऐकल्यापासून माय त्या भगुण्यात काही शिजवू देत नाही. म्हणते, दुसरीच्या हाताची चव आपण रोज खाऊन संपवतोय, उरली असेल तेवढी तरी उरू द्या. भगुणे घासून, वर फडके बांधून देवाजवळ ठेवले आहे. रोज दुपारी जेवणवेळेला ते आपोआप कोमट होते. मडके तर फुटले. तेव्हा तीन दिवस आम्ही तिघेही जर्मनमधली आमटी खात आहोत आणि माय ती निमूट गिळते आहे. तरी मामा, पत्र पोचताच बैल जुंपावेत. ही आमटी खाऊन आमची माणसे फार दिवस निभावतील असे वाटत नाही.