आठवेल तिथून

४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे आणि गेल्या महिन्यापासून खरीखुरी मांत्रिक! हसू नकोस. उपचारघरातल्या बाईंनी मला रुग्णांवर हात ठेवायची परवानगी दिली. आधी एका सुताराचा लुळा हात बरा केला. आता एक आंधळी मुलगी आली आहे, आपल्या ठकीएवढीच. तिला रोज थोडं थोडं दिसू लागलंय. काल तिने आईचं नाक पकडून विचारलं, की हे एवढं मोठं कशाला!

तू विचारलं होतंस, जादू येते कुठून. ताई, नवं काहीच निर्माण होत नाही गं. एका जागचं उचलायचं आणि दुसऱ्या जागी ठेवायचं. मंत्र म्हणताना मनात जे असेल, तिथून उचललं जातं. म्हणून प्रत्येकीला डोंगरातलं एकेक तळं नेमून दिलंय. तळं आठवायचं, की त्याचं बळ रुग्णात उतरतं आणि पाणी तेवढं खाली जातं. तिथे ना मासा ना माणूस, त्यामुळे कुणाचं काही बिघडत नाही.

बाबांना नमस्कार, ठकीला पापा. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

१५ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून बाबांची छाती फुगली. मी म्हटलं, जिला साधा चहा धड जमत नव्हता, तिच्या हाती लोक जीव सोपवतात म्हणजे कमालच झाली.

इथलं मात्र काही खरं नाही. बाबांचा उजवा हात एकाएकी गळाला. कुणाचं तरी घड्याळ उघडून बसले होते, हातातला चिमटा पडला, तो पुन्हा उचलताच आला नाही. वैद्य म्हणाले, हाड ठीक, नस ठीक, पण हात आतून रिकामा वाटतो. दुकान तेव्हापासून बंद आहे.

आणि ठकी भर दुपारी दिवा लाव म्हणून मागे लागते. परवा शिलाई मशीनपाशी येऊन म्हणाली, आई, तुझ्या तोंडावर धूर का आलाय? मला वाटलं पोर थट्टा करतेय. वाकून तिच्या डोळ्यांत पाहिलं. त्यात खिडकी दिसली, मशीन दिसलं, मी दिसले नाही. तुझ्या बाईंना विचारून काही उपाय कळव.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
ताई

२० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र हातात घेऊनच तळ्यावर धावले. पाणी काठोकाठ. थेंबही कमी झालेला नाही.

बाईंनी विचारलं, मंत्राच्या वेळी मनात काय होतं. तळंच, म्हणाले, आणि मग रडू फुटलं. त्या काळ्या पाण्याची मला भीती वाटते गं. म्हणून धीर यावा यासाठी आधी घर आठवायचे. घड्याळ उघडणारा बाबांचा हात, दारातून डोकावून बघणारी ठकी. क्षणभरच. बाईंनी कपाळाला हात लावला. तेवढा क्षण पुरतो, म्हणाल्या.

सुताराचं काम पुरं झालं, त्यामुळे बाबांचा हात गेला तो गेला. मुलीची दृष्टी अर्धीच उतरली आहे. आता थांबले, तर दोघीही पोरी आंधळ्या होतील. पुरी केली, तर ठकीची कायमची जाईल. माणसापासून सुरू झालेलं आता तळ्याने पुरं होत नाही. मुलीला लागणारं सगळं दुसऱ्या कुणाकडून मिळालं, तरच ठकीचं ठकीला परत मिळेल, पण ते माणूसही आपल्याच रक्ताचं हवं. माझी द्यावी म्हणून बसले, तर मनात माझा स्वतःचा चेहराच येईना. बाई म्हणतात, तो कुणालाच येत नाही. आठवडाभरात ठरवायला हवं. ताई, मी काय करू?

अभागी,
धाकटी

२४ जानेवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

यात विचारायचं काय? मला आठव. ठकी नको, बाबा नकोत, फक्त मी. बसण्याआधी हे वाच. रुंद कपाळ, त्यावर तू लहानपणी कात्री फेकून केलेली खूण, बोटांना मशीनच्या तेलाचा वास.

बाबा म्हणाले, माझे डोळे घे म्हणावं. मी म्हटलं, तुमच्या मोतीबिंदूने ती पोर होती त्याहून आंधळी व्हायची. रडता रडता दोघं हसलो. भीती वाटते, नाही असं नाही. काल कपाटातले सगळे कपडे काढून एकेकाचा रंग बघत बसले. पण ठकी माझ्या आवाजाच्या दिशेने चाचपडत येते, ते मला बघवत नाही. मंत्र म्हणताना तिला मनात आणलंस तर याद राख.

तुझ्यावर काडीचाही राग नसलेली,
ताई

१२ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मी ठकी लिहितेय. आई सांगते तसं. मला आता सगळं स्वच्छ दिसतं, भिंतीवरची मुंगीसुद्धा. आईला मी दिसत नाही.

पण आई म्हणते, अंधार नाहीये. तिला सारखी एक दुसरीच खोली दिसते. निळं दार आणि रांगेने खाटा. आईने मान वळवली तरी ती खोली वळत नाही, आणि आई गप्प बसलेली असली की आपोआप वळते. सकाळी त्या खोलीत आरसा आला आणि आई किंचाळली. आरशात आई नव्हतीच. एक अनोळखी मुलगी वेणी घालत होती. म्हणून त्या मुलीला आरशासमोर फार उभी करू नकोस, आई दचकते.

काल तू तिच्यासमोर बसून रडत होतीस. आई म्हणते, तू फार वाळली आहेस, वेळेवर जेवत जा. आणि त्या मुलीला रोज थोडा वेळ तुझ्यासमोर बसव. आईला तेवढंच आपलं माणूस दिसतं.

लोभ असू दे, रडणं नको.

तुझी,
ठकी