ताईच्या नावाने केलेली टिक

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? भाऊजींचा गुडघा काय म्हणतो?

आठवतं का, कॉन्व्हेंट शाळेच्या मागच्या पायरीवर बसून तू माझ्या गणिताच्या पेपरवर आईची सही केली होतीस? शेवटच्या अक्षराला शेपटी काढून म्हणालीस, "आता सिस्टरसमोर रडू नकोस, म्हणजे झालं." मी रडलेच. (पण तुझं नाव घेतलं नाही.) ते उपकार मी आता फेडले आहेत, आणि हे लिहिताना कान गरम झाले आहेत.

तुझ्या क्रोशाच्या कॉलरचा फोटो मी परदेशातल्या एका ऑनलाइन दुकानाला पाठवला. (माझ्या कॉलरी घालायच्या तर माणसाचा एक खांदा वर असावा लागतो.) त्यांनी बेचाळीस पानी करार पाठवला. वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे सिस्टरनी पट्टीने शिकवलं होतं. पण इथे सही नव्हतीच, नुसता चौकोन. त्यात टिक केली, खाली तुझं नाव टाइप केलं. कागद नाही, शाई नाही, मला तो खेळच वाटला. काल त्यांनी कळवलं, कॉलरवरची आईची द्राक्षवेलीची नक्षी आता फक्त त्यांची. तू ती कुणासाठीही विणायची नाहीस, म्हणजे नातीच्या लग्नासाठी विणायला घेतलेली कॉलरही अर्धीच ठेवायची. भांडायचं तर त्यांच्या शहरात जाऊन.

खालच्या मजल्यावरच्या वकीलबाईंना म्हटलं, इतक्या लांबून कोण येतंय विचारायला? त्या म्हणाल्या, "काकू, सही शाईत नसते, होकारात असते. समुद्रापलीकडूनही चालते. पण होकार कुणाचा?" मी कबूल केलं, "नाव ताईचं, बोट माझं." तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. "मग ताई बांधल्याच गेल्या नाहीत. दोघींनी खरं तेवढं लिहून द्या."

तुझी,
धाकटी

ता. क. दुकानाचा निरोप आला तर 'ठीक आहे' म्हणू नकोस, तोही होकार धरतात. भाऊजींच्या हाती फोन देऊच नकोस, ते सगळ्यांना अंगठा पाठवतात.

ता. क. तुझ्या वतीने लिहिलेलं पत्र सोबत आहे. त्यावर तुझी सही मी करून पाहिली, हुबेहूब आली. फाडून दुसरं टाइप केलं. तुझी तू कर. (वाचून.)

ता. क. सही केलेलं पत्र वकीलबाईंना. जाड पाकीट दुकानाला. त्यात माझी कबुली आहे, उघडू नकोस. (उघडशीलच.) आईच्या हातचा नक्षीचा कागद नातीला. माझी कॉलर भाऊजींच्या गुडघ्याला. आणि तो गणिताचा पेपर तुला. आईने नक्षीच्या कागदातच घडी करून ठेवला होता. तुझ्या सहीखाली तिने स्वतःची खरी सही केली आहे.